खाकी कव्हरातली कादंबरी

वाचकाचं पत्र, थोडक्यात : मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते, पन्नाशी जवळ आली आहे. लेस्टरला राहणाऱ्या भाचीने सुट्टीत येताना डेबोरा हार्कनेस यांची ‘अ डिस्कव्हरी ऑफ विचेस’ ही कादंबरी आणून दिली. सहाशेच्या जवळपास पानं, चेटकीण आणि व्हॅम्पायर यांचं प्रेम. सहज उघडली आणि गुंतले. आता निम्म्यावर आले आहे, पण रोज वाटतं, मी हे काय वाचत बसले आहे! स्टाफरूममध्ये नेण्याआधी पुस्तकाला खाकी कव्हर घातलं. आमच्या पुस्तक भिशीत ‘सध्या काय वाचताय?’ असं विचारलं, तर दुसऱ्याच पुस्तकाचं नाव सांगून मोकळी झाले. यजमान म्हणाले, ‘या वयात भुताखेतांची लव्हस्टोरी?’ इंग्रजी वाचनाचा वेग कमी. एवढ्या वेळात मराठीतली चार चांगली पुस्तकं झाली असती. शिवाय तो नायक नायिकेचे निर्णय स्वतःच घेतो ते मला खटकतं, आणि तरी तो पुन्हा कधी येतो याची मी वाट बघते. अकरावीतली मुलगी म्हणते, ‘तुझं झालं की मला दे.’ पूर्ण करू की सोडू? मुलीला देऊ का? माझं काही चुकतंय का?

नमस्कार ताई,

‘माझं काही चुकतंय का’ हे तुम्ही अगदी शेवटी विचारलंत, पण पत्र त्याच प्रश्नासाठी लिहिलंत असं मला वाटतं. म्हणून त्याचं उत्तर आधी देते : नाही. पुस्तक पूर्ण करायचं की सोडायचं ते नंतर बघू. मनात अपराधीपणा असताना घेतलेला तो निर्णय पुस्तकाबद्दलचा नसेलच. सोडलंत तर लाजेने सोडाल, पूर्ण केलंत तर हट्टाने.

तुमच्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. चेटकिणी आणि व्हॅम्पायर असलेली प्रेमकथा म्हणजे हलकं वाचन, आणि ‘मराठीतली चार चांगली पुस्तकं’ म्हणजे खरं वाचन. तुम्ही मराठीच्या शिक्षिका आहात, त्यामुळे ही वाटणी कुठून आली हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल. मराठी कादंबरीची सुरुवातीची वाट बरीचशी अद्भुतरम्यच होती. १८६१ साली लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली, पाठोपाठ नारो सदाशिव रिसबुडांची ‘मंजुघोषा’. विरह, कारस्थानं, संकटं, योगायोग आणि शेवटी मीलन, हे त्या काळच्या वाचकाला हवंच होतं. मग हरिभाऊ आपटे आले. ‘पण लक्षात कोण घेतो’मधल्या यमूने वाचकाला असं काही दाखवलं की त्यानंतर कादंबरीने आपल्या समाजाबद्दलच बोललं पाहिजे, अशी अपेक्षा रुजली. ती अपेक्षा मोलाची होती. त्यातून आपल्याला मोठं साहित्य मिळालं. पण त्याचबरोबर एक सवयही लागली : ज्यात राजकन्या, जादू किंवा परलोक आहे ते लहानपणी वाचायचं, आणि मोठेपणी वाचलंच तर कोणाला सांगायचं नाही. तुमचं खाकी कव्हर त्या सवयीतून आलेलं आहे.

त्याही मागे जायचं तर पैठणला जावं लागेल. सातवाहन राजाच्या दरबारातल्या गुणाढ्याची दंतकथा ‘कथासरित्सागरा’च्या सुरुवातीला येते. त्याने ‘पैशाची’ नावाच्या प्राकृत भाषेत सात लाख श्लोकांची ‘बृहत्कथा’ लिहिली. रानात शाई नव्हती, म्हणून स्वतःच्या रक्ताने लिहिली. राजाने ती तुच्छतेने परत पाठवली. तेव्हा गुणाढ्य एका टेकडीवर बसून एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवू लागला आणि वाचलेलं पान आगीत टाकू लागला. जनावरं चरायची थांबली, डोळ्यांत पाणी आणून ऐकत राहिली. राजाला हे कळून तो धावत येईपर्यंत सहा लाख श्लोक जळून गेले होते. उरला एक लाख, कारण तेवढा भाग शिष्यांना फार आवडायचा म्हणून त्याने बाजूला ठेवला होता. तो भाग नरवाहनदत्ताचा, म्हणजे माणसाचा राजपुत्र आणि आकाशगामी विद्याधरांच्या लोकातल्या स्त्रिया यांच्या प्रेमाचा आणि साहसांचा. दोन वेगळ्या योनींमधलं प्रेम, त्याला आड येणारे नियम, त्यावर लांबच लांब चालणारी गोष्ट. तुमच्या हातातलं पुस्तक त्या जातकुळीपासून फार दूर नाही. बाणभट्टाच्या ‘कादंबरी’तले प्रेमिक तर शाप आणि पुनर्जन्म ओलांडून भेटतात, आणि ती आपण आदराने शिकवतो.

पण याचा अर्थ जुन्या परंपरेतलं म्हणून तुमचं पुस्तक आपोआप चांगलं, असा नाही. प्रेमकथांच्या ढिगाऱ्यात पाट्या टाकलेली पुस्तकंही भरपूर असतात. म्हणून या एका पुस्तकाबद्दल बोलू.

डेबोरा हार्कनेस पेशाने विज्ञानाच्या इतिहासकार आहेत, कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठात शिकवतात. २०११ साली ही पहिली कादंबरी येण्याआधी त्यांनी एलिझाबेथकालीन विद्वान जॉन डी आणि त्या काळच्या लंडनमधलं विज्ञान यांवर संशोधनपर पुस्तकं लिहिली होती. विमानतळावरच्या पुस्तकांच्या दुकानात व्हॅम्पायरांच्या गोष्टींची रांग बघून त्यांना प्रश्न पडला : हे प्राणी खरोखर असते, तर पोटापाण्यासाठी काय करत असते? त्या प्रश्नातून ही गोष्ट निघाली. म्हणून तर व्हॅम्पायर नायक मॅथ्यू ऑक्सफर्डमध्ये जनुकशास्त्रावर काम करतो आणि चेटकीण नायिका डायना तिथल्याच बॉडलियन ग्रंथालयात किमयेची जुनी हस्तलिखितं चाळत बसते. ती मागवते ते ‘अ‍ॅशमोल ७८२’ हे हस्तलिखित बॉडलियनच्या यादीत खरोखरच आहे आणि खरोखरच गहाळ आहे. सतराव्या शतकातल्या इलायस अ‍ॅशमोल या संग्राहकाच्या संग्रहातलं ते. आणि डायनाचं बिशप हे आडनाव अमेरिकेतल्या सेलममध्ये चेटकीण ठरवून १६९२ साली फासावर दिलेल्या ब्रिजेट बिशपचं आहे. चेटकिणींवरच्या तिथल्या खटल्यांमध्ये पहिली फाशी तिला झाली. लेखिकेने हे सगळं शोभेपुरतं आणलेलं नाही. हस्तलिखित हातात घेतल्यावर इतिहासकाराच्या बोटांना काय होतं, ते या बाईंना स्वतःला माहीत आहे, आणि ते पानांत उतरलं आहे. तुम्ही गुंतलात त्याचं हे एक कारण असावं.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. डायना सात वर्षांची असताना तिचे आईवडील जातात, आणि ती ठरवते की जादूला हात लावायचा नाही. जे मिळवायचं ते स्वतःच्या बुद्धीने, अभ्यासाने, चारचौघांत सांगता येईल अशा मार्गाने. तिचं हे ठरवणं समजण्यासारखं आहे, थोरही आहे. पण तिच्यातलं जे आहे ते कुठेतरी दाबून ठेवल्यासारखं राहतं, आणि वेळीअवेळी वर येतं. विद्वान म्हणून मान मिळवण्यासाठी स्वतःचाच एक भाग लपवणारी बाई. ताई, भिशीत दुसऱ्याच पुस्तकाचं नाव सांगताना तुम्ही काय केलंत, हे या अंगाने एकदा बघा. मी तुम्हाला दोष देत नाही. ज्या पुस्तकाने तुम्हाला धरून ठेवलंय ते कदाचित याच गोष्टीबद्दल बोलतंय, एवढंच म्हणते आहे.

आता वेळेचं. ‘एवढ्या वेळात चार पुस्तकं झाली असती’ हा हिशोब वाचनाला लावू नका. तुम्ही मुलांना एक कविता आठवडाभर शिकवता, तेव्हा तेवढ्यात पाच झाल्या असत्या असं म्हणत नाही. लांब कादंबरीचं सुख तिच्या लांबीतच असतं. घरातली कामं, तपासायच्या वह्या, दुखणी-खुपणी या सगळ्यांतून रोज थोडा वेळ त्याच माणसांकडे परत जाता येतं. छोट्या पुस्तकात ते जमत नाही.

अमेरिकेत जॅनिस रॅडवे नावाच्या अभ्यासक आहेत. मध्य-पश्चिमेतल्या एका गावात सतत प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या बायकांशी त्यांनी सविस्तर बोलणं केलं आणि तो अभ्यास १९८४ साली प्रसिद्ध केला. कथानकाइतकंच त्या बायकांना वाचायला बसणं हेच महत्त्वाचं वाटत होतं. दिवसभर सगळ्यांचं करणाऱ्या बाईने पुस्तक उघडलं की तेवढा वेळ ती कोणाची आई नाही, कोणाची बायको नाही. ‘आत्ता मला हाक मारू नका’ हे पुस्तकच सांगतं. हे वाचताना मला आपल्याकडच्या कितीतरी बायका आठवल्या, दुपारी तासभर मासिक घेऊन पडणाऱ्या. पण रॅडवे तिथेच थांबल्या नाहीत. त्यांनी हेही विचारलं, की अशी पुस्तकं मनाला फुंकर घालतात, पण ज्या थकव्यामुळे फुंकर लागते तो थकवा मात्र तसाच राहतो का? हा प्रश्न तुम्हीही स्वतःला विचारावा असं मला वाटतं. पुस्तक मिटल्यावर तुम्हाला ताजंतवानं वाटतं, की घरात परत यावंसंच वाटत नाही? पहिलं असेल तर उत्तम. दुसरं असेल, तर त्यात पुस्तकाचा दोष नाही, पण मग बोलणं पुस्तकाबद्दल न होता घराबद्दल व्हायला हवं.

आणि यजमानांच्या त्या एका वाक्यावरून मी तरी काही ठरवणार नाही. ते टोचून म्हणाले की खरंच नवल वाटून म्हणाले, हे तुम्हालाच माहीत. एकदा जेवताना त्यांना त्या हरवलेल्या हस्तलिखिताची गोष्ट सांगून बघा. कव्हराच्या आत काय आहे हे ज्याला कधी कळलंच नाही, तो वरवरचं बोलणारच.

मॅथ्यूबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण तुमची खरी अस्वस्थता तिथे आहे. तो डायनावर पाळत ठेवतो, तिला न विचारता तिच्या सुरक्षिततेचे निर्णय घेतो, माहिती स्वतःकडे ठेवतो आणि वेळ आली की सांगतो. कादंबरी याला कारण देते : तो शिकारी आहे, हा त्याचा स्वभाव आहे, आणि वेगवेगळ्या जमातींनी एकत्र येऊ नये हा जुना करार मोडल्यामुळे धोका खरा आहे. हे कारण मला पुरेसं वाटत नाही. पहिल्या भागापुरतं बोलायचं तर लेखिका त्याला फार सहज माफ करते, असं माझं मत आहे. तुम्हाला खटकलं ते बरोबरच खटकलं.

तरीही तो पानावर यावा असं वाटणं यात विसंगती नाही. गोष्टीतल्या माणसाची ओढ वाटते तेव्हा आपण त्याच्या वागण्यावर सही करत नसतो. कोणीतरी पूर्ण लक्ष आपल्यावर ठेवावं, आपल्यासाठी सगळं पणाला लावावं, ही इच्छा माणसाची जुनी आहे. प्रत्यक्षात तसं लक्ष ठेवणारा माणूस गुदमरवून टाकतो. पुस्तकात मात्र आपल्या हातात पान मिटायची सोय असते. फक्त ही ओढ कुठून येते आणि तिची किंमत कोण मोजतं, हे डोळे उघडे ठेवून बघा. पेन्सिल जवळ ठेवा आणि मॅथ्यूने डायनाच्या वतीने काही ठरवलं की समासात छोटी खूण करा. तिला विचारलं होतं का? तिला सगळं माहीत होतं का? ती नंतर काय करते? आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. डायना ‘मी’ म्हणून बोलते, तर मॅथ्यूची प्रकरणं बाहेरून, तृतीय पुरुषी येतात. म्हणजे बहुतेक वेळ आपण त्याला प्रेमात पडलेल्या बाईच्या नजरेने बघतो. ती काय बघत नाही, हे शोधणं हे या कादंबरीतलं सगळ्यात रंगतदार काम आहे.

मग पूर्ण करायचं का? तुम्ही निम्म्यावर आहात म्हणजे फ्रान्समधल्या त्या गढीत, मॅथ्यूच्या आईच्या घरी असाल. माझ्या मते पुस्तक सगळ्यात जास्त रेंगाळतं ते तिथेच. जेवणं, वाइन, घोडे, घराचा इतिहास. पुस्तक सोडावंसं वाटलं ते त्यामुळेच, असंही असू शकेल, आणि अपराधीपणा त्याला नुसता चिकटला असेल. तेव्हा आणखी शंभरेक पानं वाचा. वर्णनं वगळलीत तरी चालेल. वाइनचा प्रत्येक स्वाद वाचलाच पाहिजे असं बंधन नाही. तोवर गोष्टीचा वेग बदलतो. तिथे एक छळाचा प्रसंग येतो, तो बराच कठोर आहे. मन हळवं असेल तर रात्री झोपण्याआधी वाचू नका. त्यानंतरही पुढे जावंसं वाटलं नाही, तर पुस्तक खुशाल मिटा. सुरू केलेलं संपवलंच पाहिजे हा शाळेतला नियम आहे, आणि शाळेत त्याची गरज असते. घरी नाही.

एक मात्र आधीच सांगते, कारण याचा निर्णयाशी संबंध आहे. पहिल्या भागाच्या शेवटी गोष्ट संपत नाही. ती तीन भागांची आहे, दुसरा २०१२ साली आला आणि तिसरा २०१४ साली, आणि त्यानंतरही त्याच जगातली पुस्तकं येत राहिली. शेवटच्या पानावर सगळे धागे जुळतील या आशेने तुम्ही वाचत असाल तर निराशा होईल. आणि दुसरा भाग हाताशी आला तरी लगेच उघडू नका. मध्ये एखादं मराठी पुस्तक येऊ द्या. त्यानंतरही डायनाची आठवण येत असेल तर पुढे जा. लांब मालिका वाचणाऱ्या सगळ्यांनाच मी हे सांगते. नाहीतर आवड कुठे संपली आणि नुसती ओढ कुठे सुरू झाली हे कळत नाही.

इंग्रजीच्या वेगाबद्दल फारसं मनावर घेऊ नका. प्रत्येक अडलेला शब्द शब्दकोशात बघू नका; तोच शब्द तिसऱ्यांदा आला आणि अर्थ लागला नाही, तरच बघा. किमयेच्या परिभाषेचे उतारे इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांनाही अवघडच जातात. पात्रं खूप आहेत, म्हणून वाचनखुणेच्या कागदावरच नावं लिहून ठेवा : चेटकिणी एकीकडे, व्हॅम्पायर एकीकडे, ‘डीमन’ म्हणजे ती प्रतिभावान, अस्थिर स्वभावाची माणसं एकीकडे. रात्री दमून दहा ओळी वाचण्यापेक्षा सुट्टीच्या दिवशी सकाळी सलग तासभर वाचलंत तर गोष्ट जास्त हाती लागते.

मुलीला द्या. पण तुमचं संपेपर्यंत थांबवून नंतर सोपवण्यापेक्षा आत्ताच सांगा की तू सुरुवात कर, मी पुढे आहे. अकरावीतल्या मुलीला यातला प्रणय झेपण्यासारखा आहे, छळाच्या प्रसंगाबद्दल तिला आधी सांगून ठेवा. मॅथ्यूसारखी माणसं तिला मोबाइलवरच्या मालिकांमध्ये आणि पुढेमागे कॉलेजातही भेटणार आहेत. ‘तुझ्या भल्यासाठीच सांगतोय’ हे वाक्य कधी प्रेमाचं असतं आणि कधी नसतं, हे उपदेश करून सांगता येत नाही. दोघींनी एकच पुस्तक वाचलेलं असलं की भाजी निवडतानाही त्यावर बोलता येतं. तिला मॅथ्यू फार आवडला तर लगेच खोडून काढू नका. तुम्हालाही तो आवडतो हे आधी कबूल करा, आणि मग समासातल्या खुणा दाखवा. तिच्या खुणा वेगळ्या जागी असतील. ते ऐका.

राहिली पुस्तक भिशी. तिथे तुम्ही खोटं बोललात म्हणून माफी वगैरे मागायची गरज नाही. पुढच्या वेळी कोणी विचारलं तर पुस्तकाचं खरं नाव सांगा. एखादी हसेल. दुसरी बहुधा हळूच विचारेल, वाचायला देशील का? तुमची पाळी येईल तेव्हा एक सुचवते : या कादंबरीबद्दल बोलाच, आणि सोबत ‘कथासरित्सागरा’तली गुणाढ्याची गोष्ट मोठ्याने वाचून दाखवा. मग सगळ्यांना विचारा की कोणाला न सांगता वाचलेलं तुमचं पुस्तक कोणतं. नारायण धारपांच्या पुस्तकांची नावं येतील, कोणाच्या बालपणीची अर्नाळकरांची रहस्यकथा निघेल, एखादीकडे जुन्या दिवाळी अंकातली भयकथा निघेल. पुढच्या दोन-तीन बैठकांची यादी त्यातूनच करा, आणि ती कशी झाली ते मला जरूर कळवा.